आरसीसी कॉलमचे काँक्रीट जॅकेटिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या कॉलमभोवती नवे काँक्रीट ओतणे हे काही फार अवघड काम नाही. त्या काँक्रीटमध्ये भार शिरावा, हे मात्र अवघड आहे. इमारतीचे मालक, ठेकेदार आणि नव्याने या कामात आलेले अभियंते जे प्रश्न हमखास विचारतात, त्यांची उत्तरे खाली दिली आहेत. बहुतेक उत्तरे फिरून याच मुद्द्यावर येतात.

जॅकेटिंगमध्ये नेमके काय करतात?

कॉलमचा गिलावा आणि सैल काँक्रीट काढतात, पृष्ठभाग खरबरीत करतात, भोवती नव्या उभ्या सळया आणि रिंगा (उभ्या सळयांना वेढणारी आडवी वेटोळी) बांधतात, शटरिंग लावतात आणि नवे काँक्रीट ओततात. कॉलमचा छेद मोठा होतो, त्यात लोखंड वाढते आणि रिंगांच्या आवळणीमुळे आतले जुने काँक्रीटही जास्त ताण सोसू लागते. १९८५ च्या मेक्सिको सिटी भूकंपानंतर तिथल्या अनेक इमारती याच पद्धतीने सावरल्या गेल्या. पद्धत जुनी आहे आणि तिचे गुणदोष माहितीतले आहेत.

कोणत्या कॉलमला जॅकेट लागते?

मजला वाढवायचा असेल, वापर बदलून भार वाढणार असेल, तपासणीत काँक्रीट अपेक्षेपेक्षा कमकुवत निघाले असेल, गंजाने सळया झिजल्या असतील, आगीची झळ लागली असेल किंवा भूकंपाच्या हिशेबात कॉलम कमी पडत असेल, तर जॅकेटचा विचार होतो.

कॉलमवर तडा दिसला म्हणून लगेच जॅकेट, हे मात्र चुकीचे. पाया खचल्याने तडा गेला असेल तर जॅकेट त्या खचणाऱ्या पायावर आणखी वजन टाकेल. कित्येकदा तडा फक्त गिलाव्यात असतो. आधी गिलावा उतरवून पाहा, मग बोला.

आधी कोणत्या चाचण्या कराव्यात?

रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासोनिक चाचणीतून कुठले कॉलम इतरांपेक्षा वाईट आहेत ते कळते. अल्ट्रासोनिक लहरींचा वेग सेकंदाला ३.५ किलोमीटरच्या खाली आला तर काँक्रीट संशयास्पद समजतात. ताकदीचा भरवशाचा आकडा हवा असेल तर कोअर, म्हणजे काँक्रीटचा दंडगोल तुकडा, काढावा लागतो. तो काढताना सळई कापली जाऊ नये म्हणून आधी सळई शोधणारे यंत्र फिरवतात. कार्बोनेशन (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने काँक्रीटची क्षारता जाणे) तपासण्यासाठी ताज्या तोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन हे रंग बदलणारे द्रावण फवारतात. गुलाबी झाले तर तेथील क्षारता शाबूत आहे, रंग आला नाही तर सळईचे संरक्षण गेले आहे. गंजासाठी हाफ-सेल चाचणी आहे; तिच्यात सळईचे विद्युत विभव मोजतात. तांबे-तांबे सल्फेट इलेक्ट्रोडवर उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा जास्त ऋण वाचन आले तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक धरतात.

या सगळ्याइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे एकदोन कॉलम प्रत्यक्ष उघडून रिंगांचे अंतर आणि त्यांच्या टोकांचे वळवलेले आकडे (हुक) पाहणे. जुन्या नकाशात १५० मिमी लिहिलेले असते आणि जागेवर त्याच्या दुप्पट अंतर निघते. नकाशावर विसंबून जॅकेट डिझाइन करू नये.

जॅकेट किती जाड हवे? सळया आणि रिंगा किती?

भारतीय मानक आयएस १५९८८ (२०१३) प्रमाणे जाडी किमान १०० मिमी. नवे काँक्रीट जुन्यापेक्षा किमान ५ मेगापास्कल (ताकद मोजण्याचे एकक) जास्त ताकदीचे हवे. हिशेबाने जादा उभ्या सळया लागत नसल्या तरी चार कोपऱ्यांत किमान १२ मिमीच्या सळया आणि १०० मिमी अंतरावर ८ मिमीच्या रिंगा हव्यात. रिंगांचे आकडे १३५ अंशांत वळवलेले असावेत. एरवी रिंगांतील अंतर २०० मिमीच्या पुढे जाऊ देऊ नये आणि बीम-कॉलमच्या सांध्याजवळ, म्हणजे वर-खाली प्रत्येकी मोकळ्या उंचीच्या एक चतुर्थांश भागात, ते १०० मिमीपेक्षा जास्त नसावे.

जागा वाचवण्यासाठी ५०-६० मिमीचा थर सुचवणारे भेटतात. त्या जाडीत कव्हर (लोखंडावरचे काँक्रीटचे आवरण), रिंग आणि सळई बसवल्यावर काँक्रीट उतरायला जागाच उरत नाही. थर पातळच हवा असेल तर दुसरी पद्धत निवडावी.

ताकद किती वाढते?

एक उदाहरण घेऊ. ३०० × ३०० मिमीचा आखूड कॉलम, एम१५ (१५ मेगापास्कल ताकदीचे) काँक्रीट, १६ मिमीच्या ४ सळया, एफई४१५ (४१५ मेगापास्कलचे) लोखंड. काँक्रीटचे भारतीय मानक आयएस ४५६ यातल्या अक्षीय भाराच्या सूत्राने त्याची डिझाइन क्षमता साधारण ७६० किलोन्यूटन येते (१० किलोन्यूटन म्हणजे साधारण एक टन). त्याला चारी बाजूंनी १०० मिमीचे एम२५ जॅकेट आणि १६ मिमीच्या ८ नव्या एफई५०० सळया दिल्या, तर एकट्या जॅकेटचे कागदावर सुमारे २,१२० किलोन्यूटन होतात. बेरीज २,८८०. जवळजवळ चौपट!

या आकड्यावर कोणी खूश होऊ नये. जॅकेटसाठी हिशेबाने जेवढे काँक्रीट लागेल त्याच्या दीडपट आणि लोखंड लागेल त्याच्या चार-तृतीयांश पट द्या, असे आयएस १५९८८ सांगते. उलट बाजूने पाहिले तर दिलेल्या काँक्रीटचा दोन-तृतीयांश आणि लोखंडाचा तीन-चतुर्थांश भागच हिशेबात धरायचा. मग बेरीज २,२०० च्या आसपास येते. शिवाय जुना कॉलम गंजलेला असेल तर त्याचे ७६० सुद्धा पूर्ण धरता येत नाहीत. युरोपचे भूकंप मानक युरोकोड ८ याचा तिसरा भागही काही अटींवर जॅकेट आणि जुना कॉलम एकसंध मानू देतो, पण कातर क्षमता (कापणाऱ्या बलाला तोंड देण्याची ताकद) ९० टक्केच धरायला सांगतो. नवे आणि जुने पूर्ण एकजीव होत नाही, याची ही किंमत आहे.

कॉलम आधीच भाराखाली आहे. तो भार जॅकेट घेते का?

आपोआप घेत नाही. शटरिंग काढले त्या दिवशी जॅकेटमध्ये स्वतःच्या वजनापलीकडे काहीच भार नसतो. इमारतीचे सगळे वजन जुना गाभाच पेलत असतो. त्यानंतर जो भार वाढेल, म्हणजे नवा मजला, सामान, माणसे, भूकंप, तेवढाच दोघांत ताठपणाच्या प्रमाणात वाटला जातो. वरच्या उदाहरणात जॅकेटचे क्षेत्रफळ एकूण छेदाच्या ६४ टक्के आहे, म्हणून पुढे येणाऱ्या भाराचा साधारण तेवढा वाटा त्याच्याकडे जाईल. त्यातही नवे काँक्रीट आकसते आणि सुरुवातीला त्याचा क्रीपही (भाराखाली हळूहळू दबत जाणे) जास्त असतो, त्यामुळे घेतलेल्या भारातला काही भाग ते परत जुन्या गाभ्याकडे ढकलते.

जुना भारही जॅकेटमध्ये यावा असे वाटत असेल तर काम करण्याआधी कॉलम हलका करावा लागतो. कॉलमशेजारी बीमखाली जॅक लावून मोजून भार उचलायचा, जॅकेट पक्के झाल्यावर जॅक सोडायचे. नुसते टेकू ठोकून घट्ट केले म्हणजे कॉलम हलका झाला, असे समजू नये. असे टेकू आधाराला उपयोगी पडतात, भार फारसा उचलत नाहीत.

हे ऐकून जॅकेट व्यर्थ आहे असेही वाटायला नको. अंतिम अवस्थेत जुने काँक्रीट आणि जुन्या सळया आपल्या मर्यादेला पोचतात, तेव्हा वरचा भार जॅकेटकडे सरकतो. मात्र तोवर गाभा फुटून बाहेर पडता कामा नये. त्याला धरून ठेवतात त्या रिंगा. म्हणून मी उभ्या सळयांपेक्षा रिंगांकडे जास्त लक्ष देतो, आणि जागेवर ठेकेदाराशी वादही बहुधा त्यांच्यावरूनच होतात.

नव्या सळया स्लॅबमधून आरपार न्यायलाच हव्यात का?

जॅकेटकडून काय हवे आहे त्यावर ते ठरते. भूकंपात कॉलमचे सर्वांत मोठे वाकवणारे बल त्याच्या दोन टोकांना, म्हणजे मजल्याच्या पातळीला येते. सळया स्लॅबखाली थांबल्या तर नेमक्या त्या जागी नवे लोखंड नसतेच. मधला भाग जाडजूड, आणि टोकाला जुनाच कॉलम. वाकण्याची क्षमता वाढवायची असेल तर स्लॅबला भोके पाडून सळया पुढच्या मजल्यात न्याव्याच लागतात.

अडचण येते ती बीमची. कॉलमच्या बाजूच्या मध्यभागी बीम येऊन मिळतात, तिथून सळई जाऊ शकत नाही. म्हणून मुख्य सळया जॅकेटच्या कोपऱ्यांत गोळा कराव्या लागतात, गरज पडल्यास दोन-तीन सळयांचे जुडगे करून. मधल्या सळया बीमखाली थांबल्या तर चालते, पण त्यांना वाकण्याच्या हिशेबात धरायचे नाही. भोक पाडताना स्लॅबची किंवा बीमची सळई कापू नये, हे सांगायला नको. तरी ड्रिल घेतलेल्या माणसाला ते रोज सकाळी सांगावे.

फक्त कातर क्षमता आणि लवचीकपणा वाढवायचा असेल तर उलटा मार्ग आहे. जॅकेट मुद्दाम वर-खाली थोडी फट ठेवून थांबवतात, म्हणजे वाकण्याची ताकद न वाढता रिंगांचा फायदा मिळतो.

बीम जिथे मिळतो तिथे रिंग कशी बंद करायची?

बीमच्या पोटात आडवी भोके पाडून रिंगेचे तुकडे आरपार न्यायचे आणि पलीकडे वेल्डिंगने किंवा पुरेशा लांबीच्या जोडाने बंद करायचे. काम किचकट आहे, म्हणून ते गाळले जाते. रिंगा बीमखाली संपवून थेट स्लॅबच्या वर पुन्हा सुरू केल्या की सांधा उघडाच राहतो, आणि भूकंपात फुटणाऱ्या जागांत सांधा अग्रभागी असतो. रिंगा वेल्ड करणार असाल तर लोखंड वेल्डिंगला योग्य आहे का ते आधी तपासा.

जुन्या पृष्ठभागाची तयारी किती करावी? बाँडिंग कोट (जुने-नवे काँक्रीट चिकटवणारा लेप) लावला की पुरे ना?

पुरे नाही. गिलावा, रंग, काजळी, तेलकटपणा, सगळे निघाले पाहिजे, आणि खाली खडी दिसू लागली पाहिजे. अमेरिकेच्या एसीआय ३१८ या काँक्रीट मानकात मुद्दाम खरबरीत केलेला पृष्ठभाग म्हणजे साधारण ६ मिमी खोलीचा चढउतार असलेला. अशा पृष्ठभागाचा घर्षणांक ते १.० धरतात आणि गुळगुळीत पृष्ठभागाचा ०.६. इतका फरक केवळ टाचे मारण्याने (हत्याराने टोचून खरबरीत करण्याने) पडतो. अर्थात तुरळक चार टाचे मारून तो पडत नाही.

टाचे मारण्यालाही मर्यादा आहे. जड ब्रेकरने ठोकले तर वरच्या थराखाली बारीक तडे जातात. पृष्ठभाग दिसायला छान खरबरीत, पण तोच थर आतून सुटलेला. हलके हत्यार, वाळूचा मारा किंवा जोरदार पाण्याचा मारा याहून बरा. शेवटी धूळ पूर्ण काढायची आणि काँक्रीट ओतण्याआधी जुना पृष्ठभाग पाण्याने भिजवून वरून कोरडा होऊ द्यायचा. आत ओल, वर पाणी नाही. कोरडा ठेवला तर तो नव्या काँक्रीटचे पाणी ओढून घेतो. पाणी साचले असेल तर तिथे पातळ, कच्चा थर तयार होतो.

इपॉक्सी बाँडिंग कोटाबद्दल माझे मत थोडे कडवट आहे. तो चिकट असेपर्यंतच काँक्रीट पडले पाहिजे. सकाळी कोट, मग सळया, मग शटरिंग, आणि संध्याकाळी काँक्रीट, या क्रमाने तो केव्हाच वाळलेला असतो. वाळलेला इपॉक्सी दोन काँक्रीटना जोडण्याऐवजी वेगळे ठेवतो. जॅकेटमध्ये सळया बांधायला वेळ लागतोच, म्हणून मुदत जास्त असलेला कोट आणि घड्याळ पाहून काम करणारी टोळी, दोन्ही नसतील तर कोट न लावता नीट टाचे मारलेला ओलसर पृष्ठभाग मला जास्त भरवशाचा वाटतो.

जुन्या कॉलममध्ये डॉवेल बसवावेत का?

चारी बाजूंनी बंद जॅकेट असेल तर रिंगा आणि नव्या काँक्रीटचे आकसणे मिळून गाभ्याला आवळतात, त्यामुळे डॉवेलची (जुने-नवे काँक्रीट जोडणाऱ्या सळईच्या तुकड्यांची) गरज कमी भासते. तरी डिझाइनमध्ये असतील तर गाळू नयेत. एक, दोन किंवा तीनच बाजूंना जॅकेट असेल तर ते अत्यावश्यक. भोक फुंकून आणि ब्रश मारून साफ केल्याशिवाय डॉवेल चिकटवणारे केमिकल भरू नये. धुळीवर केमिकल धरत नाही.

पायाचे काय?

हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारला जातो, खरे तर पहिला असायला हवा. ३०० चा कॉलम ५०० चा केला की दर मीटर उंचीला सुमारे ४ किलोन्यूटन वजन वाढते. ३ मीटरच्या मजल्याला एका कॉलममागे १२ किलोन्यूटन, म्हणजे जवळपास सव्वा टन. पाच मजले धरले तर सहा टन. त्यात नवा मजला आला तर फुटिंगचा (कॉलमखालच्या पायाचा) हिशेब पुन्हा करावाच लागतो आणि बहुतेक वेळा फुटिंगही मोठे करावे लागते.

जॅकेट जमिनीच्या फरशीवर कधीही सुरू करू नये. माती उकरून फुटिंगपर्यंत जायचे आणि नव्या सळया फुटिंगमध्ये भोके पाडून केमिकलने पुरेशा खोलीपर्यंत रुजवायच्या. फरशीवर उभे केलेले जॅकेट आपला भार फुटिंगला देऊच शकत नाही. तो पुन्हा जुन्या कॉलममधूनच खाली जातो, आणि तोही त्याच्या सर्वांत दमट, सर्वांत गंजलेल्या भागातून.

कोणते काँक्रीट वापरावे, आणि ओतायचे कसे?

जागा अरुंद असते, म्हणून १० मिमीच्या आतली खडी आणि चांगले वाहणारे मिश्रण हवे. स्वतःहून बसणारे काँक्रीट किंवा पिशवीतून येणारे मायक्रोकाँक्रीट सोयीचे पडते. मायक्रोकाँक्रीटमध्ये पाणी मोजूनच घालावे. ते घट्ट वाटते म्हणून मिस्त्रीने जादा डबा पाणी ओतला की घेतलेल्या महागड्या पिशवीचा उपयोग संपला. जाड थरात त्यात खडी मिसळावी लागते का, ते पिशवीच्या माहितीपत्रकात पाहा.

शटरिंगच्या फटी बुजवलेल्या हव्यात, कारण पातळ मिश्रण कुठूनही निसटते. स्लॅबला पाडलेल्या भोकांतून वरून ओतता येते, किंवा खालून पंपाने चढवता येते. खालून चढवले तर हवा वर निघून जाते, म्हणून पोकळ्या कमी राहतात. शॉटक्रीटही (दाबाने फवारलेले काँक्रीट) चालते, पण फवारणारा माणूस तयार नसेल तर सळयांच्या मागे पोकळी राहते आणि ती बाहेरून दिसत नाही.

वर बीमखाली राहणारी फट कशी भरायची?

न आकसणाऱ्या ग्राउटने (फटी भरायच्या वाहत्या मिश्रणाने), दाबून. वाळू-सिमेंटचा गोळा कोंबून नव्हे. वरचे दोन सेंटिमीटर रिकामे राहिले तर भार जॅकेटमध्ये शिरायचा मुख्य दरवाजाच बंद. स्लॅबमधून ओतून काँक्रीट पातळीच्या वर चढवले तर हा प्रश्न बऱ्याच अंशी सुटतो.

फक्त तळमजल्याचे किंवा मोजकेच कॉलम केले तर चालेल का?

उभ्या भारासाठी चालू शकते. भूकंपासाठी फार विचार करून.

३०० चा चौकोनी कॉलम ५०० चा केला तर क्षेत्रफळ २.८ पट होते, पण वाकण्याला विरोध करणारा जडत्वाघूर्ण ७.७ पट होतो. भूकंपाचे बल ताठ घटकाकडे धावते. म्हणजे एका रांगेतले दोन कॉलम जाड केले की शेजाऱ्यांच्या वाट्याचे बलही त्यांच्याकडे येते. ते दोघे इमारतीच्या एकाच बाजूला असतील तर ताठपणाचे केंद्र तिकडे सरकते आणि इमारत भूकंपात पिळवटते. जिथे आधी पीळ नव्हता तिथे आपणच तो आणलेला असतो.

मजल्यांचेही तेच. खुला तळमजला असलेल्या इमारतीत तिथले कॉलम मजबूत करणे योग्यच आहे, पण जॅकेट पहिल्या मजल्याच्या पातळीला अचानक संपले तर कमकुवत जागा फक्त एक मजला वर जाते. किती कॉलम, कोणत्या मजल्यापर्यंत, हे पूर्ण इमारतीचे विश्लेषण केल्याशिवाय ठरवू नये. नव्या इमारतीत सांध्याला मिळणाऱ्या कॉलमची एकूण वाकण्याची क्षमता बीमच्या क्षमतेच्या किमान १.४ पट असावी, असे भूकंपरोधक काँक्रीट बांधकामाचे मानक आयएस १३९२० (२०१६) म्हणते. जॅकेट करताना हाच हेतू डोळ्यांपुढे ठेवावा.

एक बाजू भिंतीला किंवा हद्दीला लागून आहे. तीनच बाजूंना जॅकेट चालेल?

चालते, पण फायदा कमी आणि काळजी जास्त. रिंगा बंद होत नाहीत, म्हणून त्या जुन्या कॉलममध्ये रुजवाव्या लागतात किंवा जुन्या रिंगा उघड्या करून त्यांना जोडाव्या लागतात. छेदाचा मध्यही सरकतो, त्यामुळे कॉलमवर जादा वाकवणारे बल येते. भिंत तोडून चौथी बाजू मोकळी करता येत असेल तर तेच करावे.

कॉलम गंजला आहे. वरून जॅकेट केले की गंज थांबतो का?

नाही. क्लोराइडने दूषित काँक्रीट आत तसेच ठेवले तर गंज आत चालूच राहतो, आणि बाहेरून वर्षानुवर्षे काही कळत नाही. सळईच्या मागेही बोट जाईल इतके, म्हणजे २०-२५ मिमी, काँक्रीट काढायचे, सळई चकचकीत होईपर्यंत घासायची, झीज मोजायची आणि मगच पुढे जायचे. फक्त काही भाग स्वच्छ केला तर त्याला लागून असलेल्या जुन्या भागात गंज वाढू शकतो. इतके काँक्रीट काढणार म्हणजे कॉलम तात्पुरता अशक्त होणार, म्हणून टेकू त्याआधी लागलेले हवेत.

स्टील अँगल किंवा फायबर रॅप का नको?

नको असे नाही. फायबर (इपॉक्सीने चिकटवलेले तंतूंचे कापड) पातळ असते, काम लवकर होते, आणि गोल कॉलमला ते उत्तम आवळते. चौकोनी कॉलमचे कोपरे गोल करावे लागतात आणि तरी फायदा घटतो. ताठपणा ते जवळजवळ वाढवत नाही, आणि आगीत त्याचा इपॉक्सी लवकर मऊ पडतो. स्टील अँगल आणि पट्ट्यांचा पिंजरा जागा कमी घेतो, पण गंज आणि आग यांपासून तो झाकावा लागतो. काँक्रीट जॅकेट जागा खाते, वजन वाढवते, धूळ-आवाज भरपूर करते. बदल्यात ताकद, ताठपणा आणि आगीपासून संरक्षण तिन्ही देते.

लोक राहत असताना काम करता येते का?

येते, टप्प्याटप्प्याने. शेजारशेजारचे कॉलम एकाच वेळी उघडू नयेत. टेकूंचा भार मधल्या कमकुवत स्लॅबवर न थांबता खाली भक्कम आधारापर्यंत गेला पाहिजे. ज्या कॉलमवर ब्रेकर चालू आहे त्याच्या आसपास त्या वेळी कोणी असू नये.

जॅकेटवर केसासारख्या भेगा आल्या. काम फसले का?

नवे काँक्रीट आकसू पाहते, जुना गाभा त्याला आकसू देत नाही, म्हणून अशा बारीक भेगा येऊ शकतात. गोणपाट गुंडाळून किमान सात दिवस, मिश्र सिमेंट असेल तर दहा दिवस सतत ओले ठेवले तर त्या बऱ्याच कमी होतात. दिवसातून दोनदा पाइपने पाणी मारणे म्हणजे क्युरिंग नव्हे.

भेगेपेक्षा हातोडीचा आवाज महत्त्वाचा. जॅकेटवर सगळीकडे हलके ठोकून पाहा. भद्द आवाज आला तिथे थर सुटला आहे किंवा आत पोकळी आहे. ती जागा खूण करून ग्राउटचे इंजेक्शन द्यावे लागेल. ही तपासणी गिलावा करण्याआधी व्हायला हवी. जॅकेटला त्याच आठवड्यात गिलावा करण्याची घाई दिसली, तर गिलावा थांबवा आणि आधी हातोडी मागवा.